मोटारींतील विजेचे बिघाड व उडणारा फ्यूज

वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या दारीं पूर्वीं बंडी व दमणी असे; आज तेथें बहुधा मालवाहू गाडी, जीप अथवा मोटार उभी असते. बंडीचें चाक मोडलें तर तें डोळ्यांना दिसे, आणि सुतार गांवांतच सांपडे. मोटारीचें यंत्रहि आपला बिघाड पुष्कळदां आवाजानें सांगतें. वीज मात्र दिसत नाहीं, वाजत नाहीं, आणि तिचा वास आलाच तर तो बहुधा उशिरां येतो. यामुळें विजेचा बिघाड म्हटला कीं जाणता शेतकरीहि हात टेकतो, आणि कोणी सुचवील तो उपाय करून मोकळा होतो. अशाच एका उपायानें आमच्यावर मोठें संकट ओढवलें होतें. तेंच प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आमच्या घरचा कापूस दर्यापुराकडून अकोटच्या बाजारांत न्यावयाचा होता. पहाटे निघावयाचें म्हणून गाडी रात्रींच भरली. निघतेवेळीं मागचे दिवे लागेनात. पाहतों तों फ्यूज उडालेला. नवा घातला, तोहि पुढच्या उंचवट्यावर गाडी आदळतांच उडाला. वाटेवरील एका मिस्त्रीनें फ्यूजच्या जागीं तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून बसविले. दिवे लागले, आम्हीं समाधानानें पैसे दिले व पुढें निघालों. दोन कोस गेलों नाहीं तोंच आमचा पुतण्या म्हणाला, “काकाजी, रबर जळल्यावानी वास येऊन राह्यला.” गाडी थांबवून पाहिलें तर मागच्या फळ्यांखालून धूर निघत होता. पुतण्यानें बॅटरीची तार सोडविली, आणि आम्ही सर्वांनीं मिळून गाठोडीं खालीं ओढलीं. दोन गाठोडीं आंतून धुमसत होतीं. कापसाची आग ज्वाळा न दाखवितां पोटांत जाऊन बसते, त्यामुळें उजाडेपर्यंत प्रत्येक गाठोडें पसरून तपासावें लागलें. मनुष्यहानि झाली नाहीं, ही ईश्वराची कृपा.

दिवसा पाहिलें तेव्हां कारण समजलें. मागच्या दिव्याकडे जाणारी तार सांगाड्याच्या लोखंडी भोंकाच्या कडेवर घासून उघडी पडली होती व हिसका बसला कीं लोखंडास टेकत होती. फ्यूजनें ही वर्दी दोन वेळां दिली होती. आम्हीं वर्दी ऐकली नाहीं. वर्दी देणाऱ्या शिपायालाच दारांतून काढून टाकलें. या लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, फ्यूज उडणें हा बिघाड नव्हे. ती बिघाडाची वर्दी आहे.

फ्यूज म्हणजे काय

गाडींतील वीज समजून घेण्यास पाटाच्या पाण्याचा दृष्टान्त पुरेसा आहे. बॅटरी ही विहीर, तार हा पाट, आणि दिवा, भोंगा, पंखा हे पाणी पिणारे वाफे. पाण्याच्या दाबाला विजेंत व्होल्ट म्हणतात. मोटारींत तो सुमारें १२ असतो. पाटांतून किती पाणी वाहतें तें अँपियरनें मोजतात. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. पाणी वाफ्यांत मुरून जातें, पण वीज ज्या बॅटरींतून निघाली तिच्यापर्यंत परत आली पाहिजे. या परतीसाठीं गाडींत बहुधा लांब तार नसते. गाडीचें लोखंडी अंग हीच परतीची वाट असते. यालाच मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात.

तारेंतून जितकी वीज वाहील तितकी ती तापते, आणि हें तापणें सरळ प्रमाणांत वाढत नाहीं. इंग्लंडांतील शास्त्रज्ञ जूल यानें १८४१ सालीं दाखविलें कीं प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, आणि तिप्पट झाला तर नऊपट. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली पातळ पट्टी. तारेचें आवरण जळण्यापूर्वीं ही पट्टी वितळावी व वाट तुटावी, एवढेंच तिचें काम.

कोणता फ्यूज किती अँपियरचा हें त्यावर छापलेलें असतें. हल्लींच्या पात्याच्या फ्यूजांत रंगावरूनहि तें कळतें : ५ चा बदामी, ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा अथवा पारदर्शक, व ३० चा हिरवा. १० च्या जागीं ३० चा फ्यूज घातला तर तारेंतून तिप्पट वीज जाऊं शकते व उष्णता नऊपट होऊं शकते; तार मात्र पूर्वींचीच असते. तांब्याची तार अथवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदी लावली तर कांहींच मर्यादा उरत नाहीं. मग फ्यूजच्या ऐवजीं तारच जळते, आणि ती कोठें जळेल हें आपल्या हातीं राहत नाहीं.

हिशेब कठीण नाहीं. वॅटला व्होल्टनें भागलें कीं अँपियर येतात. पुढचा दिवा ६० वॅटचा असेल तर ५ अँपियर, दोन दिव्यांस १०. हौसेनें १०० वॅटचे दिवे बसविले तर दोहोंस सुमारें १७ अँपियर लागतात. गाडी बनविणाऱ्यानें ही तार १० अँपियरचा विचार करून घातलेली असते. नवा दिवा बसविण्यापूर्वीं हा भागाकार कागदावर करावा.

पाट फुटणें आणि पाट तुंबणें

विजेचे बहुतेक बिघाड दोन जातींत बसतात. पाट फुटून पाणी भलत्याच वावरांत शिरतें, तशी वीज जेथें जाऊं नये तेथें जाते; तेव्हां प्रवाह एकदम वाढतो व फ्यूज उडतो. उलट पाटांत गाळ बसला तर पाणी वाफ्यापर्यंत पोंचत नाहीं; तशी वाट तुटली अथवा गंजली तर दिवा मंद जळतो किंवा लागतच नाहीं, पण फ्यूज शाबूत असतो. पहिल्या जातींत तार कोठें लोखंडास टेकली तें शोधावयाचें. दुसऱ्या जातींत वीज कोठें अडली तें शोधावयाचें. प्रथम जात ओळखावी, मग हात घालावा.

आमची उमर कचेरींत दप्तर चाळण्यांत गेली. तेथें एक शिस्त होती कीं, पंचनामा होईपर्यंत जागेवरची वस्तु हलवूं नये. मोटारीलाहि तोच नियम लावावा. कांहीं उपसण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे. बंद काय पडलें, एक वस्तु कीं अनेक? केव्हां बंद पडली? त्यापूर्वीं गाडीस कोणाचा हात लागला होता काय? एकच दिवा गेला असेल तर बहुधा दिवाच गेला. एकाच फ्यूजवरील चार वस्तु गेल्या असतील तर फ्यूज पाहावा. सगळेंच मंद झालें असेल तर बॅटरी व तिचीं टोकें पाहावीं. नवा भोंगा किंवा गाण्याचें यंत्र बसविल्यावर त्रास सुरू झाला असेल तर शोध तेथूनच सुरू करावा.

उडालेला फ्यूजहि साक्ष देतो. कांचेच्या नळीचा जुना फ्यूज आंतून काळा पडला असेल तर वीज एकाएकीं मोठ्या वेगानें गेली, म्हणजे तार लोखंडास थेट टेकली असें समजावें. मधोमध नुसती लहानशी फट पडली असेल तर भार हळूहळू वाढला असावा. उडण्याची वेळहि बोलकी असते. फ्यूज घालतांच उडाला तर दोष फ्यूज आणि कळ यांच्या दरम्यान असावा. कळ दाबतांच उडाला तर दोष कळीच्या पुढें. खड्ड्यांत आदळल्यावरच उडाला तर तार कोठें तरी घासते. बराच वेळ चालून मग उडाला तर एखादी मोटर, जसें कांच पुसणाऱ्या पात्याची अथवा पंख्याची, जड झाली असावी.

चांचणी दिव्याची रीति

या कामास महागडें यंत्र लागत नाहीं. १२ व्होल्टचा लहान दिवा, त्यास दोन तारा, एका तारेस चिमटा व दुसरीस टोकदार सुई, इतकें पुरे. बाजारांत हा तयारहि मिळतो. चिमटा गाडीच्या स्वच्छ लोखंडास लावावा व सुई प्रथम बॅटरीच्या धन टोकास टेकवून दिवा लागतो याची खात्री करावी.

पात्याच्या फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. चावी फिरवून व त्या वाटेची कळ चालू करून दोन्ही ठिपक्यांस सुई लावावी. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर उडालेला. दोन्हीकडे न लागला तर फ्यूजपर्यंत वीजच येत नाहीं. दोष मागें, मोठ्या फ्यूजमध्यें, चावींत अथवा रिलेंत शोधावा. रिले ही लहान विजेच्या इशाऱ्यानें मोठी वीज सोडणारी डबी होय. तिचा संशय आला तर त्याच गाडींतील हुबेहूब तशी दुसरी डबी क्षणभर तेथें लावून पाहावी.

वारंवार फ्यूज उडत असेल तर डझनभर फ्यूज जाळूं नयेत. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन खांचांच्या मध्यें २१ वॅटचा एक दिवा जोडावा. त्या फ्यूजवरील सर्व दिवे व यंत्रें त्यांच्या जोडण्यांपासून सोडवावीं व कळ चालू करावी. आतां वीज घेणारें कोणी उरलेलें नाहीं. तरीहि आपला दिवा लख्ख लागला तर तार कोठें तरी लोखंडास टेकलेली आहे. दिवा मधें असल्यामुळें प्रवाह दोन अँपियरच्या आंतच राहतो व तार जळत नाहीं. मग वाटेवरील एक एक जोडणी सोडवीत जावें व तारांचा जुडगा हळूहळू हलवावा. ज्या जोडणीस अथवा हालचालीस दिवा विझेल, त्याच्या पुढच्या भागांत दोष आहे. आमच्या गाडीवर ही रीति त्या पहाटे कोणी केली असती तर काम घटकाभरांत उरकलें असतें.

उघडी तार सांपडल्यावर नुसती पट्टी गुंडाळून भागत नाहीं. ती ज्या कडेवर घासली त्या भोंकांत रबराचें कडें बसवावें, तार नळींत घालावी व ठिकठिकाणीं बांधावी. नाहींतर पुढच्या हंगामांत तोच दोष पुन्हां उद्भवतो.

फ्यूज चांगला, तरी दिवा मंद

अशा वेळीं प्रथम बॅटरीचीं टोकें पाहावीं. तेथें पांढरा अथवा हिरवा खार जमलेला असतो. बॅटरी सोडवितांना ऋण टोक आधीं काढावें व बसवितांना शेवटीं लावावें. हा क्रम पाळला तर धन टोक सोडवितांना पाना चुकून लोखंडास लागला तरी ठिणगी पडत नाहीं. टोकें खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावीं. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. घांसून घट्ट बसविल्यावर वर थोडें पेट्रोलियम जेली लावावें. भरणाऱ्या बॅटरींतून पेट घेणारा वायु निघतो, म्हणून जवळ विडी किंवा काडी पेटवूं नये.

दुसरें ठिकाण ‘अर्थ’ जोडणीचें. उजवीकडचा इशारा दिला कीं शेजारचा दुसराच दिवा मिणमिणूं लागला, तर परतीची वाट गंजली असें बहुधा समजावें. विजेला सरळ परत जातां येत नाहीं म्हणून ती शेजाऱ्याच्या दिव्यांतून वाट काढते. जोडणीचा पेच काढावा, लोखंड उघडें होईपर्यंत घांसावें व पुन्हां आवळावें. यंत्र आणि सांगाडा यांना जोडणारी जाड तारहि पाहावी. ती सैल असली तर सेल्फ मंद फिरतो आणि दोष मात्र बिचाऱ्या बॅटरीवर जातो.

मीटर असल्यास हें आंकड्यांत कळतें. कांहीं तास उभ्या असलेल्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी. यंत्र चालू असतांना तो १३.८ ते १४.४ च्या सुमारास यावा. चालू यंत्रावरहि तो १२.६ च्या वर चढत नसेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा व जोडण्या पाहाव्या. तो १५ च्या वर जात असेल तर बॅटरी उकळून लवकर मरते.

रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल तर गुप्त गळती शोधावी. सर्व बंद केल्यावर पुष्कळ गाड्या ०.०५ अँपियरपर्यंत वीज घेतात, तें चालावयाचेंच. पण गळती अर्ध्या अँपियरची असेल तर दिवसाला १२ अँपियर-तास जातात व ६० ची बॅटरी पांच दिवसांत रिती होते. ऋण टोक काढून त्या ठिकाणीं मीटर १० अँपियरच्या खांचेंत जोडावा, थोडा वेळ थांबावें, आणि एक एक फ्यूज काढून आंकडा कधीं उतरतो तें पाहावें. मीटर लावलेला असतांना सेल्फ मात्र मारूं नये.

आपल्या मुलखाचीं चार कारणें

वऱ्हाडांत चार गोष्टी विशेष सांभाळाव्या लागतात. पहिली ऊन. वैशाखांत अकोल्यास पारा ४५ अंशांच्या वर जातो. या उष्णतेनें बॅटरींतील पाणी आटतें, पत्रे लवकर झिजतात व तारांचें आवरण कडक होऊन तडकतें. बॅटरी पावसाळ्यांत बंद पडली तरी तिचें नुकसान पुष्कळदां उन्हाळ्यांतच झालेलें असतें.

दुसरी गोष्ट पाण्याची. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथील विहिरीचें पाणी जेथें पिकासहि मानवत नाहीं, तेथें तें बॅटरींत घालणें म्हणजे बॅटरी मारणेंच होय. पाणी घालावयाच्या बॅटरींत ऊर्ध्वपातित पाणीच घालावें, आणि तेंहि खुणेच्या वर नाहीं. गाडी खाऱ्या पाण्यानें धुतल्यासहि जोडण्या लवकर गंजतात.

तिसरी उंदीर. धान्याच्या कोठाराजवळ गाडी उभी राहिली कीं ऊब व आडोसा पाहून उंदीर यंत्राच्या खोलींत शिरतात आणि तारा कुरतडतात. कित्येक दिवस उभी असलेली गाडी चालू करण्यापूर्वीं झांकण उघडून एकदां पाहावें. चौथी आपली काळी माती. पावसाळ्यांत तिचा चिखल सांगाड्यास लिंपून राहतो, ओल धरतो व मागच्या दिव्यांच्या जोडण्या खातो. दिवाळीपूर्वीं, माल वाहण्याचा हंगाम लागण्याआधीं, गाडीच्या खालीं शिरून या तारा एकदां हातानें चांचपाव्या.

कोठें थांबावें

सर्वच दुरुस्ती घरीं करूं नये. नव्या गाड्यांत अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या पिशव्या असतात. त्यांच्या तारा बहुधा पिवळ्या आवरणांत असतात. त्यांस चांचणी दिवा लावला तर पिशवी अवचित फुगूं शकते. यंत्राचें नियमन करणाऱ्या संगणकाच्या तारांसहि हा दिवा लावूं नये. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी रंगाच्या जाड तारांत शेंकडों व्होल्ट असतात. तेथें शिकलेल्या मनुष्यावांचून कोणीं हात घालूं नये. यंत्र चालू असतांना बॅटरीची तार काढून अल्टरनेटर पाहण्याची जुनी खोड हल्लींच्या गाडींतील नाजूक यंत्रें जाळते, ती सोडावी.

प्रत्येक गाडींत फ्यूजच्या पेटीचा नकाशा, प्रत्येक रंगाचे दोन दोन फ्यूज, एक चांचणी दिवा, १० नंबरचा पाना, चिकटपट्टी व विजेरी असावी. मालाच्या गाडींत आग विझविण्याचें लहान नळकांडेंहि ठेवावें. फ्यूज उडाला तर त्याच रंगाचा एकच नवा घालावा. तोहि उडाला तर तिसरा न घालतां त्या वाटेची कळ बंद ठेवावी. ती दिव्यांची वाट असेल तर उजाडेपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेस उभी करावी. बाजार एक दिवस चुकला तर भावांत कांहीं रुपयांचा फरक पडेल. आमच्या त्या दोन गाठोड्यांत चार महिन्यांची मेहनत होती, आणि गाडीच्या पुढच्या बाजूस घरचीं तीन माणसें बसलीं होतीं.